कानात बसलेला आवाज : इयरफोनच्या पारखीचे निकष

गाण्याच्या समीक्षेची मराठीत चांगली परंपरा आहे. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने घराण्यांच्या विचाराला एक चौकट दिली. अशोक दा. रानडे यांनी आवाजाच्या जोपासनेचा शास्त्रशुद्ध विचार मराठीत मांडला. मात्र आज आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत गाणं ज्या वाटेनं पोचतं, त्या वाटेची समीक्षा आपल्याकडे जवळजवळ नाही. मैफलीला बसणारे थोडे, घरात मोठे स्पीकर असणारे त्याहून थोडे. बाकी सगळे कानात दोन बोंडं घालून ऐकतात. ही बोंडं दोनशे रुपयांना मिळतात आणि दोन लाखांनाही. त्यांच्यात फरक नेमका कशाचा, तो ओळखायचा कसा आणि सांगायचा कोणत्या शब्दांत, हा या लेखाचा विषय आहे.

मी घाटंजीत राहतो. यवतमाळ जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव कापसाचं आणि जिनिंगचं. महागडा इयरफोन कानात घालून पाहता येईल असं दुकान इथे नाही, यवतमाळातही मला सापडलेलं नाही. त्यामुळे आमच्याकडे ज्याला चांगला इयरफोन घ्यायचा असतो, तो दुसऱ्याच्या शब्दावर घेतो. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे दीड लाखाचा इयरफोन हा वीस क्विंटल कापूस झाला. एवढी किंमत ज्या शब्दांवर भरवसा ठेवून मोजायची, ते शब्द तपासून घेतलेले बरे.

गेली काही वर्षं मी मित्रांकडून, नागपूर-पुण्याहून आलेल्या नातेवाइकांकडून मिळतील ते इयरफोन उसने घेऊन ऐकतो आणि टिपणं ठेवतो. त्यांत चार आकडी किमतीचे आहेत, पाच आकडी आहेत आणि एक सहा आकडीही होता. त्यांची नावं इथे देत नाही, कारण मॉडेलं वर्षभरात जुनी होतात. निकष टिकतात, म्हणून निकषांबद्दलच बोलतो.

बसणं

पहिला निकष आवाजाचा नाहीच, बसण्याचा आहे. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडदा, अशा नळीला स्वतःचा एक स्वर असतो. बासरीला असतो तसाच. तो तीन हजार हर्ट्झच्या आसपास पडतो. म्हणून त्या पट्टीतले आवाज कानाला आपसूक ठळक लागतात, आणि आपला मेंदू जन्मापासून त्याला सरावलेला असतो. इयरफोन कानात घातला की नळीचं उघडं तोंड बंद होतं आणि तिचा हा नैसर्गिक स्वर नाहीसा होतो. इयरफोन बनवणाऱ्याला तो ठळकपणा यंत्रातून परत द्यावा लागतो. बंद नळीचा मात्र एक नवा स्वर तयार होतो. तो बराच वर, सहा ते आठ हजारांच्या पट्ट्यात, कधी त्याहूनही वर जातो. इयरफोन किती खोल बसला यावर तो सरकतो : खोल गेला की वर, बाहेर राहिला की खाली. म्हणूनच एकच इयरफोन एकाला गोड लागतो आणि दुसऱ्याला टोचतो. दोघेही खरंच सांगत असतात. वस्तू एक असली तरी वाद्यं दोन झालेली असतात, कारण वाद्याचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे.

खर्जाचं गणित याहून कडक आहे. मोकळ्या खोलीत खालचे स्वर वाजवायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून स्पीकर मोठे असतात. कानात अडकलेली हवा दोन घनसेंटीमीटरहूनही कमी असते. ती कोंडून ठेवली तर नखाएवढा पडदाही तिच्यात भरपूर दाब निर्माण करतो. पण कुठे फट राहिली की हा दाब निसटतो आणि पहिल्यांदा खर्ज जातो. ‘या इयरफोनला बेसच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं की रबराची टोपी कानाच्या मापाची नसते. डबीत लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन टोप्या येतात आणि बहुतेक जण आधी लावलेली मध्यमच ठेवून देतात. माझ्या उजव्या कानाला मध्यम लागते आणि डाव्याला मोठी. दोन्ही कान सारखे नसणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे.

टोपी नीट बसली हे ओळखायचं कसं? तोंड मिटून हलकेच गुणगुणावं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला आणि दोन्हीकडे सारखा घुमला, तर बाहेरची वाट बंद झाली आहे. एका बाजूला घुमला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर जिथे घुमला नाही तिथे फट आहे. या घुमण्याचा त्रासही आहे. कानात बोळा घालून दिवाळीचा चिवडा खाल्ला तर आपलीच जबडेशाही ऐकू येते, कारण हाडांतून आलेला आवाज बाहेर पडू शकत नाही. इयरफोन नळीच्या हाडाच्या भागापर्यंत खोल गेला तर हे घुमणं कमी होतं, पण तितकं खोल घालणं अनेकांना सोसत नाही. स्पंजाची टोपी कानात फुगून फट छान बुजवते, मात्र वरचे स्वर थोडे मऊ करते आणि लवकर झिजते. या सगळ्यांत तडजोड आहे. ती न सांगता ‘फिट उत्तम’ असं लिहून मोकळं होणाऱ्या परीक्षणाने वाचकाला काहीच दिलेलं नसतं.

या वस्तूचा इतिहासही हेच सांगतो. कानाच्या आत बसणाऱ्या चांगल्या इयरफोनची वाट श्रवणयंत्रांकडून आली. बहिऱ्या माणसासाठी बनवलेलं चिमुकलं ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ हे ध्वनियंत्रच पुढे रसिकांच्या इयरफोनमध्ये आलं. श्रवणशास्त्रातले संशोधक मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीने १९९१ साली ‘ईआर-४’ काढला. १९९५च्या सुमारास जेरी हार्वी यांनी ढोलवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हॅलन यांच्यासाठी रंगमंचावर वापरायचे इयरफोन बनवले, आणि कानाचा साचा घेऊन बेतलेल्या इयरफोनचा व्यवसाय वाढला. दोन्हीकडे सुरुवात कानापासून झाली. चमकदार डबी नंतर आली.

कशावर घासून पाहायचं

सोनार कसोटीच्या दगडावर सोनं घासतो. इयरफोनसाठी आपला दगड कोणता? परीक्षणांत नेहमी येणाऱ्या गाण्यांत पाश्चात्त्य पॉप आणि जाझ यांचा भरणा असतो. त्यात गैर काही नाही. पण मी जे ऐकतो, त्यावर माझा इयरफोन घासला गेला पाहिजे. मी तीन दगड वापरतो.

पहिला तंबोरा. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याला, ६९ला लागते. पण तंबोऱ्याचं वैभव या मूळ स्वरांत नाही. घोडीच्या रुंद माथ्यावर तार हलकेच घासत थरथरते, त्या फटीत सुताचा धागा सरकवून जवारी साधली जाते, आणि मग तारेतून वरच्या स्वरांची रांग उलगडते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. एरवी तार ज्या बिंदूवर छेडली तिथे स्थिर राहणारे उपस्वर उमटू नयेत, पण या वाद्यांत ते उमटतात आणि त्याचं श्रेय घोडीच्या घडणीला आहे, हे त्यांनी दाखवलं. खर्जाच्या तारेतून पाचवा उपस्वर म्हणून येणारा गंधार हा आपल्या गवयांचा ‘स्वयंभू गंधार’.

इयरफोनसाठी ही कसोटी अवघड आहे आणि थोडी फसवीही. टोपीला फट राहिली तरी खर्जाचा स्वर ऐकू येतोच. मूळ स्वर गायब असला तरी उपस्वरांवरून मेंदू तो रचून घेतो. टेलिफोन ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही पोचवत नसे, तरी वडिलांचा भारदस्त आवाज आपण ओळखत होतो, तो याच सोयीमुळे. म्हणून ‘खर्ज ऐकू येतो का’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. ‘खर्जाला अंग आहे का’ हे विचारावं लागतं. मग गंधार शोधावा. तो आपण होऊन कानाशी आला तर मधली पट्टी स्वच्छ आहे. खर्जाच्या फुगवट्याखाली तो दबला, तर निर्मात्याने बेस गरजेपेक्षा वाढवला आहे. माझ्या टिपणांत असे दबलेले गंधार स्वस्त आणि महाग दोन्हीकडे आहेत.

दुसरा दगड खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी विदर्भाच्या खेड्याखेड्यांत खंजिरी पोचवली. तिच्या कातड्याची थाप खाली-मध्ये असते आणि कडेच्या चकत्यांची किणकिण कित्येक हजार हर्ट्झवर. चांगल्या इयरफोनमध्ये थाप आणि किणकिण एकाच हातातून एकाच क्षणी निघाल्यासारखी वाटते. वाईटात ती दोन वेगळी वाद्यं होतात. आमच्या गावातल्या एका जुन्या भजनकऱ्यांच्या कानात मी तो सहा आकडी इयरफोन घातला. दोन कडवी ऐकून ते म्हणाले, “खंजिरी त लय साफ वाजते बावा, पन वाजवनारा मानूस कुठी हाये?” मी वाचलेल्या कोणत्याही परीक्षणाहून ही समीक्षा मला नेमकी वाटली. त्या इयरफोनमध्ये वरचे स्वर उचललेले होते, त्यामुळे चकत्या पुढे आल्या होत्या. थापेचा आणि गळ्याचा भरीवपणा ज्या पट्टीत असतो ती मागे गेली होती. साफ वाजणं आणि खरं वाजणं यांतला फरक त्यांनी एका वाक्यात सांगितला.

तिसरा दगड आपली भाषा. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ दोन-दोन आहेत. ‘जग फार मोठं आहे’ मधला ‘जग’ आणि ‘तू शंभर वर्षं जग’ मधला ‘जग’ लिहायला एक, बोलायला वेगळे. पहिला तालव्य, दुसरा दंत्य. दंत्य उच्चारातली घर्षणाची धार तालव्यापेक्षा वरच्या पट्टीत असते, ढोबळ मानाने चार-पाच हजार हर्ट्झच्या पुढे. तिथे खड्डा असलेल्या इयरफोनमध्ये दंत्य ‘ज’ बोथट होऊन तालव्याकडे झुकतो. तिथे शिखर असलं तर प्रत्येक ‘स’ आणि ‘च’ कानात सुईसारखा टोचतो. आकाशवाणीच्या बातम्या किंवा एखादं कीर्तन पाच मिनिटं ऐकलं की हे समजतं, आणि त्यासाठी संगीताचं शिक्षण लागत नाही. मराठी बोलणारा प्रत्येक कान या परीक्षेत तज्ज्ञ आहे.

माप आणि कान

आता मोजमापांकडे येऊ. इयरफोन कृत्रिम कानाला जोडून त्याचा आलेख काढता येतो, आणि अशा कृत्रिम कानाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. हर्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांनी २०१०नंतरच्या दशकात ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेऊन बहुसंख्यांना आवडेल असा एक आदर्श आलेख मांडला. आज कित्येक परीक्षक इयरफोन त्या रेषेच्या किती जवळ आहे यावर गुण देतात. दुसऱ्या बाजूला ‘आलेख जाऊ द्या, कानावर विश्वास ठेवा’ म्हणणारे आहेत.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजून १९१०मध्ये बावीस श्रुतींचं गणित प्रसिद्ध केलं. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी ते पुढे नेलं आणि श्रुतींची हार्मोनियम तयार करवून घेतली. १९१६च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली, तेव्हा जमलेल्या जाणकारांनी तिच्यावर आक्षेप घेतले. गळा रागाच्या ओघात जिथे स्वर ठेवतो, ती जागा पेटीच्या पट्टीवर कायमची ठोकता येते का, हा मुख्य प्रश्न होता. पण देवलांचं काम म्हणून वाया गेलं नाही. स्वराबद्दल बोलताना निदान आकडा समोर ठेवून भांडता येऊ लागलं. मापाचं खरं काम हेच. ते भांडण मिटवत नाही, पण भांडण कशाबद्दल आहे ते ठरवतं.

आमच्याकडे याचं रोजचं उदाहरण कापसाचं आहे. जिनिंगमधला मुरलेला ग्रेडर चिमूटभर रुई घेऊन दोन्ही अंगठ्यांत ओढतो आणि धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो. आता लांबी, मायक्रोनेअर, ओलावा हे सगळं यंत्रंही सांगतात. यंत्र आल्यावर हाताची पारख संपली नाही. यंत्र एका नमुन्याचं सांगतं, हात ढिगात फिरतो. पण हाताला आता मनमानी करता येत नाही, कारण त्याचा शब्द पडताळता येतो. इयरफोनच्या पारखीतही आलेखाचं स्थान एवढंच आणि इतकं महत्त्वाचं आहे. आलेख कृत्रिम कानाचा आहे, माझ्या कानाचा नाही. साधारण आठ हजारांच्या पुढे तो फारसा विश्वासार्ह राहत नाही, कारण बसण्याच्या खोलीवर तिथलं सगळं बदलतं. पण त्याच्या खाली, ‘खंजिरी पुढे येते’ असं माझा कान सांगत असेल आणि आलेखात त्याचं काहीच चिन्ह नसेल, तर मी पुन्हा ऐकायला हवं.

हर्मनची रेषा म्हणजे बहुसंख्यांची आवड आहे, हेही विसरू नये. त्या चाचण्यांतलं संगीत प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत होतं. तंबोऱ्याच्या सोबतीने तास-तास ऐकणाऱ्याची आवड तीच निघेल असं गृहीत धरता येत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या रेषेतला खर्ज मला ख्यालासाठी जरा जड वाटतो आणि चित्रपटगीतांसाठी ठीक.

किंमत कानात शिरते

पारखीचा सर्वांत मोठा शत्रू डोळा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये स्पीकरांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. पडद्यामागून ऐकताना दिलेले गुण आणि स्पीकर समोर दिसत असताना दिलेले गुण यांत स्पष्ट फरक पडला. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. इयरफोनच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. स्पीकर पडद्याआड ठेवता येतो, इयरफोन कानात घालावाच लागतो आणि त्याचा आकार-वजन त्वचेला कळतं. म्हणजे पूर्ण आंधळी चाचणी जवळजवळ अशक्य.

जेरोएन ब्रेबार्ट यांनी २०१७मध्ये २८३ हेडफोन-इयरफोनच्या आलेखांची त्यांच्या किमतीशी तुलना प्रसिद्ध केली. आलेख आणि किंमत यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही. याचा अर्थ महाग वस्तू फसवीच असते असा नाही. घडण, टिकाऊपणा, आवाजातली विकृती या गोष्टी त्या तुलनेत नव्हत्या. पण स्वरांचा समतोल, जो ऐकण्यात सर्वांत आधी जाणवतो, तो पैशाने विकत घेता येतोच असं नाही. माझी टिपणंही याला दुजोरा देतात. पाच आकडीपर्यंत जाताना जडणघडण सुधारते आणि दोन्ही बाजूंचा आवाज जास्त सारखा मिळतो. तिथून सहा आकडीपर्यंतच्या उडीत मला जे मिळालं ते वेगळेपण होतं. त्याला दर वेळी सुधारणा म्हणता येणार नाही.

एक साधी दक्षता मात्र कुणालाही घेता येते. दोन इयरफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर आणावा. एखादा डेसिबल जास्त असलेला इयरफोन ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे.

शब्द

परीक्षणांच्या मराठीत आज ‘वॉर्म’, ‘ब्राइट’, ‘साउंडस्टेज’ हेच शब्द फिरतात. ते वापरायला हरकत नाही, पण आपल्या हाताशी जास्त नेमके शब्द आहेत. तंबोरा लावणारे जवारीला खुली, बंद, गोल म्हणतात. गळ्याच्या आवाजाला ढाला, घोगरा, चिरका, पिचका, भरीव, पोकळ म्हणतात. खोलीला कोंदट म्हणतात, नाण्याला खणखणीत. ‘वॉर्म’ म्हटलं की खर्ज वाढवला आहे की वरचे स्वर कापले आहेत, हे कळत नाही. ‘गोल पण बंद’ म्हटलं तर कळतं. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांपासून सुरू झालेली तंतुवाद्यांची कारागिरी २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसली. त्या कारागिरांनी आणि त्यांच्याकडून वाद्यं नेणाऱ्या गवयांनी आवाजाचे हे शब्द वापरून वापरून घासले आहेत. ते कानात बसणाऱ्या वाद्यालाही लागू पडतात.

म्हणून परीक्षण लिहिणाऱ्याकडून माझी अपेक्षा पाच गोष्टींची आहे. स्वतःचं वय सांगावं, कारण वयाबरोबर वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. मी अठ्ठावन्नचा आहे आणि बारा हजारांच्या वरच्या ‘हवेशीर’पणाबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. कोणती टोपी लावली आणि ती कशी बसली ते सांगावं. काय ऐकलं ते सांगावं. तुलना केली असेल तर पातळी जुळवली होती का ते सांगावं. आणि किंमत सर्वांत शेवटी सांगावी.

बसण्याचा मुद्दा पहिला ठेवला, त्याला आणखी एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं प्रौढांसाठी सुरक्षित मानतात. दर तीन डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो : ८३ला २० तास, ८६ला १०. जिनिंगच्या घरघरीत, बसच्या खडखडाटात सैल इयरफोन घातलेला मुलगा आवाज वाढवतच नेतो, कारण बाहेरचा गलका आत येतो आणि खर्ज बाहेर निसटतो. त्याच मुलाला कानाच्या मापाची वीस रुपयांची टोपी मिळाली, तर तो कमी आवाजात जास्त ऐकेल आणि साठीतही त्याला तंबोऱ्यातला गंधार सापडेल. महागड्या इयरफोनबद्दल इतकं लिहिल्यावर माझी पहिली शिफारस या टोपीची आहे.